फाटक उघडण्याआधी

प्रति,
राज्यातील प्राणिमित्र संस्थांचे विश्वस्त आणि पदाधिकारी



माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं. निकाल माणसानं माणसाला ओढण्याबद्दल होता, घोड्यांबद्दल नव्हता. पण ई-रिक्षा वाढल्या की दस्तुरी नाक्यावर उतरणारा प्रवासी घोड्याकडे पूर्वीइतका वळणार नाही, हे घोडेवाल्यांनी डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली तेव्हाच ओळखलं होतं आणि विरोधही केला होता. आज ना उद्या तिथला एखादा घोडेवाला एक जनावर कमी करील, मग दुसरा. तुमच्यापैकी काहींच्या बैठकांत ‘या घोड्यांसाठी आपण निवारा काढू’ हा विषय आलाच असेल. नसेल तर येईल. म्हणून आधीच लिहितो आहे.

मी पशुवैद्य. नोकरीची बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात गेली, आणि घोडा दिसला की मदतनीस माझ्याकडे बोट दाखवत, त्यामुळे टांग्याची, वरातीची, शर्यतीतून उतरलेली बरीच घोडी हाताखालून गेली. काही निवारेही आतून पाहिले. उत्तम चाललेले पाहिले, आणि ज्यांच्या फाटकातून आत गेल्यावर घोडा बाहेर होता तोच बरा होता असं वाटलं, असेही पाहिले. दोन्हीकडची माणसं सारखीच कळवळ्याची होती. फरक एवढाच की पहिल्यांना ‘नाही’ म्हणता येत होतं.

मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांचं आठवून पाहा. उच्च न्यायालयानं जून 2015 मध्ये त्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितलं. मालक-चालकांच्या पुनर्वसनावर पुढे बरीच चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. 2021 मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरियाही रस्त्यावर आल्या. पण घोडा हा काही पक्षकार नसतो. त्याच्या पोटाची सोय निकालपत्रात एका ओळीत होते आणि तबेल्यात वीस वर्षं करावी लागते.

वीस वर्षं हा शब्द मी सहज लिहिलेला नाही. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. शर्यतीचा घोडा दोन वर्षांचा असताना धावायला लागतो आणि पाच-सहा वर्षांचा झाला की बहुतेक वेळा त्याचं मैदान संपतं. म्हणजे निवृत्त म्हणून तुमच्याकडे आलेला घोडा हा म्हातारा नसतो, ऐन तारुण्यातला असतो. आता हिशेब करा. कडबा-गवत, चंदी, नालबंद, औषधं आणि मोतद्दाराच्या पगारातला वाटा धरून दिवसाला एका घोड्यामागे चारशे रुपये समजू. तुमच्या तालुक्यात कमीजास्त होतील. वर्षाचे झाले 1,46,000. दहा घोडे असतील तर 14,60,000. आणि तो एक घोडा आणखी पंधरा वर्षं जगला तर त्याच्या एकट्याच्या नावावर 21,90,000. यात जागेचं भाडं नाही, पोटशूळाच्या रात्रीचा खर्च नाही, विहीर आटल्यावरचे टँकर नाहीत. घोडा दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

‘घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं’ ही म्हण ज्यानं केली, त्यानं हाच हिशेब केला असणार.

तेव्हा निवारा काढायच्या आधी विश्वस्तांनी एका कागदावर दोन आकडे लिहून सह्या कराव्यात. आपल्याकडे जास्तीत जास्त किती घोडे, आणि देणग्या उद्यापासून पूर्ण थांबल्या तर ते किती महिने जगतील. दुसरा आकडा बाराच्या खाली असेल तर पहिला आकडा शून्य. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकराची 80जी सवलत, प्राणी कल्याण मंडळाची मान्यता ही कागदपत्रं लागतातच आणि ती होतातही. हा एक कागद मात्र कुणी मागत नाही, म्हणून कुणी करत नाही.

आता घोडा फाटकातून आत आला असं धरू. पहिला आठवडा हा सगळ्यात घातक, आणि घातक ठरतं ते प्रेमच. बरगड्या मोजता येतील असं, मागच्या पुठ्ठ्यावर हाड टोकदार वर आलेलं जनावर आलं, की कुणीतरी बादलीभर भिजवलेले हरभरे आणतं, कुणी गूळ. तो अधाशासारखा खातो. सगळ्यांचे डोळे भरून येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो उभ्याउभ्या झुलायला लागतो आणि बसतो तो उठत नाही. लोक म्हणतात, उशीर झाला होता. पुष्कळदा उशीर झालेला नसतो. आठवडे-महिने उपाशी असलेल्या शरीरात एकदम पिष्टमय खाणं गेलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं. स्नायू, श्वास आणि शेवटी हृदय बंद पडतं. अमेरिकेत डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं खंगलेल्या घोड्यांवर यासंबंधी काम केलं. त्यांची पद्धत सोपी आहे: पहिले तीन दिवस वाळलेली लसूणघास, दर चार तासांनी सुमारे अर्धा किलो, रात्रीसुद्धा. मग दहाएक दिवसांत हळूहळू वाढवत न्यायचं. धान्य नाही, गूळ नाही. रात्री दोन वाजता उठून अर्धा किलो गवत टाकणारा माणूस तुमच्याकडे आहे का, हा मला निवाऱ्याच्या इमारतीपेक्षा मोठा प्रश्न वाटतो.

घोडा किती खंगला आहे हे ‘खूप’ आणि ‘फार’ या शब्दांत लिहू नका. डॉन हेन्नेके यांनी 1983 मध्ये एक ते नऊ अशी अंगलटीची मोजपट्टी दिली. मान, मानेमागचा पाठीचा उंचवटा, खांद्यामागची बाजू, बरगड्या, कंबर, शेपटीचा बुंधा असं सहा ठिकाणी हात फिरवून गुण द्यायचे. फोटोत केस वाढलेला घोडा भरलेला दिसतो, हाताला खोटं सांगता येत नाही. दर पंधरा दिवसांनी तोच माणूस, तोच हात, वहीत तारीख.

आणि आल्याआल्या त्याला इतरांत सोडू नका. निदान तीन-चार आठवडे वेगळा गोठा, वेगळी बादली, वेगळा खरारा, आणि शक्य असेल तर वेगळा माणूस. नसेल तर तोच माणूस शेवटी तिथं जाईल आणि हातपाय धुऊन मगच बाहेर येईल. हे काही सोवळं नव्हे. ग्लँडर्स नावाचा रोग आपल्याकडे बराच काळ विस्मरणात गेला होता, 2006-07 मध्ये तो परत आला आणि त्याची झळ महाराष्ट्रालाही बसली. नाकातून चिकट पिवळसर स्राव, नाकपुडीच्या आत व्रण, पायाच्या आतल्या अंगाला दोरीसारखी तटतटलेली सूज आणि तिच्यावर ओळीनं गाठी. हे दिसलं तर उशीर झालाच, पण न दिसतासुद्धा तो असू शकतो, म्हणून रक्ताचा नमुना. खात्याच्या मार्फत तो हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या चाचणीपर्यंत जातो. 2009 च्या कायद्यानं हा रोग कळवणं बंधनकारक आहे, आणि निदान पक्कं झालं की त्या घोड्यावर उपचार करायचे नसतात, त्याला शांतपणे मारावं लागतं, कारण हा रोग माणसालाही होतो आणि माणसाला मारतो. एका नव्या पाहुण्यासाठी तुमच्याकडचे आधीचे सगळे पणाला लावणं याला भूतदया म्हणवत नाही.

गोशाळा चालवणाऱ्यांना दोन शब्द वेगळे. ‘गाई आहेतच, घोडे दोन वाढले तर काय’ असं म्हणणारे भेटतात. घोडा गाईसारखा रवंथ करत नाही आणि त्याला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच जाणार. त्यामुळे बुरशी चढलेला कडबा, जो गाय कुरकुरत खाऊन जाईल, तो घोड्याला पोटशूळ आणतो. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गुरांना ते चालतं, घोड्याच्या हृदयाला ते फार थोड्या मात्रेतही विष आहे. खाद्याची पोती एकाच खोलीत ठेवलीत तर कधीतरी चुकीचं पोतं फुटणार. खोल्या वेगळ्या करा, कुलपं वेगळी करा.

पोटशूळाचा घोडा ओळखायला डॉक्टर येईपर्यंत थांबू नका. मोतद्दाराला दोन गोष्टी शिकवा. एक, वरचा ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबायचा आणि सोडायचा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत गुलाबी झाला तर ठीक, रेंगाळला किंवा हिरडी विटकरी-जांभळी दिसली तर फोन. दोन, कुशीला कान लावायचा. घोड्याच्या पोटात सतत काहीतरी गडगडत असतं. ती गडगड थांबली असेल तर लगेच फोन. आणि तोवर त्याला काहीही पाजायचं नाही, विशेषतः ‘गावठी’ काही नाही. नाकातोंडात गेलेल्या काढ्यानं फुप्फुसं सडून मेलेली घोडी मी पोटशूळानं मेलेल्यांइतकीच पाहिली असतील.

मोतद्दार हा शब्द या पत्रात वारंवार येतो आहे, तो मुद्दाम. संस्थेच्या माहितीपत्रकात संस्थापकाचा फोटो असतो, पशुवैद्याचं नाव असतं, मोतद्दार पाठमोरा असतो. निवारा चालतो तो त्याच्यावर. चार-पाच घोड्यांमागे एक तरी हवा, त्याला किमान वेतन, राहायला खोली, विमा आणि धनुर्वाताची सुई हवी. (घोड्यालाही हवी. धनुर्वात जितका घोड्याला पटकन होतो तितका फार थोड्या जनावरांना होतो.) दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद यायला हवा. काम न करणाऱ्या घोड्याला नाल नको असतो, पण खूर वाढतोच, आणि वाढलेल्या खुराचा घोडा हळूहळू टाचांवर चालायला लागतो. चांगला नालबंद मिळणं आता पशुवैद्य मिळण्याहून अवघड झालं आहे. कोकणपट्टीच्या पावसात तर खुराच्या खाचेत काळी, घाण वास मारणारी सड धरते. चार महिने रोज चारी पाय उचलून खूर साफ करणं आणि कोरड्यावर उभं करणं, याला पर्याय नाही. दातांचंही तसंच. वर्षातून एकदा कानशीनं धारा काढल्या नाहीत तर घोडा चारा चावून गोळे करून टाकतो, आणि आपण म्हणतो, खातो भरपूर पण अंगी लागत नाही.

कायद्याची एक बाजू बहुतेकांना निवारा काढल्यानंतर कळते. पोलिसांनी 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली घोडा ताब्यात घेऊन तुमच्याकडे दिला, तर तो तुमचा होत नाही. तो मुद्देमाल असतो. 2017 च्या नियमांनी खटला चालेपर्यंतचा सांभाळखर्च मालकाकडून वसूल करायची तरतूद केली आहे, बंधपत्राची सोय आहे. पण पहिल्याच सुनावणीला तो मागावा लागतो आणि मागायला वकील लागतो. खटला लांबला, मालकानं हक्कही सोडला नाही, तर तो घोडा तुम्ही दत्तक देऊ शकत नाही. सांभाळायचा मात्र तुम्हीच. तुमच्या जागांपैकी किती मुद्देमालासाठी, हे आधी ठरवून पोलीस ठाण्याला लेखी कळवा. भरल्यावर ‘आता जागा नाही’ म्हटलेलं कुणालाच आवडत नाही.

घोडा विकत घेऊन सोडवू नका. हे वाक्य मी कितीही वेळा लिहायला तयार आहे. व्यापाऱ्याकडे मरतुकडं जनावर दिसलं, दयेपोटी पंधरा हजार देऊन आणलं, तर व्यापारी त्या पंधरा हजारांत पुढच्या बाजाराला आणखी एक मरतुकडं आणतो, कारण त्याला गिऱ्हाईक सापडलं आहे. पैसे देण्यापेक्षा तक्रार द्या. तसंच आलेला प्रत्येक नर खच्ची करा, वय आणि प्रकृती झेपत असेल तर. घोडी आली तर ती गाभण आहे का हे तपासून घ्या. ती अकरा महिने वागवते आणि पहिले काही महिने कुणाला कळतही नाही. निवाऱ्यात जन्मलेलं शिंगरू फोटोत फार गोड दिसतं, पण ते म्हणजे आणखी पंचवीस वर्षं.

दत्तक द्यायचा असेल तर करार करून द्या. विक्री नाही, पैदास नाही, वरात नाही, वर्षातून दोनदा न कळवता तपासणी, आणि नको झाला तर दुसरीकडे नाही, परत तुमच्याकडेच. शेवटचं कलम सगळ्यात महाग पडतं, कारण परत आलेल्या घोड्यासाठी एक जागा कायम रिकामी ठेवावी लागते. ते कलम नसेल तर तुम्ही दत्तक दिलेला घोडा एखाद्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात दोरीला बांधलेला दिसू शकतो. त्या बाजाराशी माझं भांडण नाही, तिथं घोड्याची पारख असलेली माणसं येतात. पण तुमच्या वहीत ‘सुरक्षित घरी दिला’ अशी नोंद असलेला घोडा तिथं असू नये.

आता मरणाबद्दल. बहुतेक संस्थांच्या घटनेत यावर एक ओळही नसते. पाय मोडलेला, किंवा पुढच्या खुरांच्या आतला सांगाडा फिरून तळव्यातून बाहेर येऊ पाहणारा घोडा वेदनेनं उभा राहू शकत नाही आणि फार वेळ आडवाही राहू शकत नाही, कारण त्याच्याच वजनाखाली त्याचे स्नायू आणि फुप्फुसं दबतात. त्याला ‘नैसर्गिक मरण’ येऊ द्यायचं म्हणजे तीन-चार दिवस तडफडू द्यायचं. निर्णय कुणी घ्यायचा, कुठल्या पशुवैद्याच्या लेखी मतानं, संस्थापक परगावी असतील तर कुणी, हे शांत डोक्यानं आधी लिहून ठेवा. आणि साडेतीनशे किलोचं शव पावसाळ्यात कुठं पुरणार, जेसीबी कुठून येणार, तिथून विहीर किती लांब आहे, हेही लिहा. रात्री अकराला हे प्रश्न सुचून उपयोग नसतो.

या बाबतीत मला नेहमी डोरोथी ब्रूक आठवतात. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश फौजेनं आपले हजारो घोडे इजिप्तमध्ये विकून टाकले. ही बाई नवऱ्याच्या बदलीबरोबर 1930 मध्ये कैरोला गेली, तेव्हा ते घोडे अजून दगड वाहत होते, काही आंधळे, बहुतेक लंगडे. तिनं 1931 मध्ये ‘मॉर्निंग पोस्ट’ला पत्र लिहिलं, लोकांनी पैसे पाठवले, आणि तिनं सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. त्यातले बहुतेक तिनं थोडे दिवस पोटभर खाऊ घालून, सावलीत उभे करून, वेदनेशिवाय मारले. तिला त्यांच्यासाठी पाच हजारांचा तबेला बांधता आला नसता हे तिला कळत होतं. मी वर विकत घेऊ नका म्हणालो आणि आता हे सांगतो आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पण ते घोडे एका फौजेचे उरलेसुरले होते, त्यांची नवी आवक येणार नव्हती. आवक चालू राहणार होती ती कैरोच्या गाडीवानांच्या घोड्यांची. त्यांच्यासाठी तिनं 1934 मध्ये काय काढलं? निवारा नाही, मोफत दवाखाना. गाडीवानानं घोडा आणायचा, बरा करून घ्यायचा, परत न्यायचा. तिच्या नावाची संस्था आजही भारतात काम करणाऱ्या घोडे-गाढवांसाठी त्याच धर्तीवर राबते.

मला म्हणायचं आहे ते इथंच येऊन थांबतं. माथेरानच्या घोड्याला आज जो वाचवतो आहे तो त्याचा मालक आहे. तो घोड्यावर जगतो म्हणून घोडा जगतो. खोगिराखाली जखम झालेली असेल, चंदी कमी पडत असेल, तरी त्या घोड्याचं नाव, खोड, कुठल्या वळणावर तो बुजतो, हे त्या माणसाइतकं तुम्हाला पंधरा वर्षांतही कळणार नाही. त्याला गुन्हेगार ठरवून घोडा ओढून आणलात, तर एक कुटुंब उघड्यावर येतं आणि एक घोडा तुमच्या यादीत वाढतो. त्याऐवजी निवाऱ्याच्या निम्म्या पैशात तिथं महिन्यातून एकदा नालबंद, वर्षातून एकदा दात, दोनदा जंतनाशक, धनुर्वाताची लस आणि पाठीला न टोचणारं खोगीर द्या. घोड्याला एका दिवसात किती फेऱ्या आणि पाठीवर किती वजन, याची मर्यादा पाळणाऱ्यालाच ही मदत, अशी अट घाला. ती तो मानेल, कारण घोडा जास्त वर्षं चालला तर फायदा त्याचाच. ज्याचं पोट खरंच त्यावर भरेनासं होईल, त्याचा घोडा घ्या, आणि त्या माणसालाही घ्या, मोतद्दार म्हणून. तुम्ही जाहिरात देऊन मिळवाल त्या कुठल्याही उमेदवारापेक्षा तो चांगला निघेल.

असं करूनही काही घोडे उरतील ज्यांना खरोखर जागा लागेल. आंधळे, म्हातारे, मालक वारलेले, रस्त्यावर सोडून दिलेले. निवारा हवा तो त्यांच्यासाठी, आणि म्हणूनच तो भरून चालणार नाही.

एक विनंती. पुढच्या वार्षिक अहवालात ‘किती घोडे वाचवले’ या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने छापा: किती नाकारले आणि त्यांना कुणाकडे पाठवलं, किती मेले आणि कशानं, आणि आज शिल्लक निधीत किती महिने निघतील. देणगीदार घाबरतील असं तुम्हाला वाटेल. काही घाबरतील. जे घाबरणार नाहीत त्यांच्याच भरवशावर वीस वर्षं काढायची आहेत.

आणि माथेरानला नालबंद घेऊन जाणार असाल तर दिवाळीची सुट्टी आणि मे महिना टाळा. गर्दीच्या दिवसांत कुणीही घोडा नाल काढून उभा करणार नाही. जून उजाडायच्या आत, मधल्या वारी, पहाटे लवकर पोचा. आधी घोडेवाल्यांच्या संघटनेला निरोप द्या. कॅमेरा पहिल्या खेपेला नेऊ नका.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्य